ओल्या भिंतींचा इतिहास

गेल्या श्रावणात मुरबाड तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत कविता वाचायला गेलो होतो. पाऊस असा होता की समोरच्याचं बोलणं पत्र्याखाली ऐकू येत नव्हतं. म्हणून मुख्याध्यापकांनी मुलांना सातवीच्या वर्गात बसवलं. त्या वर्गाला स्लॅब होता. वर्गात पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा जाणवला तो वास. रेडिओवर वास ऐकवता येत नाही, पण आपल्यापैकी ज्यांनी आषाढात बंद पेटी उघडली असेल त्यांना तो सांगावा लागणार नाही. कुबट, गोडसर, घशात बसणारा. फळ्याच्या डाव्या बाजूला छतापासून खिडकीपर्यंत भिंत काळी पडली होती. तिच्यावर एक मोठं भित्तिचित्र चिकटवलं होतं, स्वच्छतेचं. त्याचे वरचे दोन कोपरे सुटून लोंबत होते आणि कागदाच्या मागूनही काळे ठिपके पुढं आले होते.

कविता वाचता वाचता मी पाहिलं, भिंतीलगतच्या रांगेतली दोन-तीन मुलं सारखी खोकत होती. मागच्या रांगेतली नाही, भिंतीलगतचीच. मी डॉक्टर नाही. तीन मुलांच्या खोकल्यावरून निदान करण्याचा मला अधिकार नाही. पण कार्यक्रम संपल्यावर एका पोराला विचारलं, "भिंतीवर हे काय रे?" तो म्हणाला, "सर, तो नकाशा. पावसाळ्यात मोठा होतो." मुख्याध्यापक ओशाळले. म्हणाले, "दर दिवाळीच्या सुट्टीत रंग देतो. दर आषाढात परत येते."

तेव्हापासून ही भिंत माझ्या डोक्यातून जात नाही. मी इतिहासाचा विद्यार्थी, तोही बी.ए.पुरता. पण इतक्या इतिहासानंही एक सवय लावली आहे. एखादी गोष्ट दरवर्षी परत येत असेल, तर ती पहिल्यांदा कधी आली हे शोधावं.

शहापूर आणि मुरबाड हे सह्याद्रीच्या पायथ्याशी बसलेले तालुके. इथं वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे ओल आपल्याकडे नवी नाही. आपल्या भाषेत तिच्यासाठी शब्द तरी किती! पापड सादळतो, मीठ पाझरतं, लोणच्याला बुरा येतो, भिंतीला लोणा लागतो, कपड्यांवर तिट पडते. इतके शब्द ज्या भाषेत आहेत त्या भाषेच्या माणसांना ओलीशी कसं वागायचं हेही ठाऊक असणारच.

आमचं जुनं घर शहापूर तालुक्यातलं. मातीच्या भिंती, वर कौलं, पुढं ओटी, चहूबाजूंनी पडवी. माझी दादी आगोटीच्या तयारीला लागली की घरातल्या कुणालाही बसू देत नसे. मिरची, मसाला, सुकी मासळी, लाकूडफाटा हे तर सगळीकडेच भरतात. पण तिची खरी धावपळ भिंतीसाठी असे. पश्चिमेकडून झोडपणाऱ्या पावसापासून मातीची भिंत वाचवायला त्या बाजूला पेंढ्याची ताटी उभी राहायची. आतून चुन्याची निवळी फिरायची. कौलं परतून घेतली जायची आणि फुटकी बदलली जायची. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायात मुरू नये म्हणून वळचणीखाली चर खणला जाई. पावसाळ्यात दर गुरुवारी संध्याकाळी ती निखाऱ्यावर लोबान टाकून सगळ्या खोल्यांतून फिरवायची. आम्हाला वाटायचं हे सगळं बरकतीसाठी. असेलही. पण धुराचं ते भांडं ती नेमकं अंधाऱ्या कोपऱ्यात आणि कपड्यांच्या पेटीमागे जास्त वेळ ठेवत असे.

आमच्या घरामागच्या वाडीत ठाकर आणि कातकऱ्यांची घरं होती. कारवीच्या काठ्यांचे कूड, वरून शेणमातीचा लेप, डोईवर गवत. मध्ये चूल. त्या चुलीचा धूर छपरातून गाळून बाहेर पडायचा. त्या धुरात वासे काळे होत, टणक होत, आणि त्यांना ना वाळवी लागे ना बुरशी. बियाणं चुलीवरच टांगलेलं असायचं. कूड श्वास घेतो, असं माझ्या ओळखीचा एक म्हातारा ठाकर म्हणायचा. मला ती तेव्हा कवितेची ओळ वाटली होती. ते साधं विज्ञान होतं. माती आणि चुना पाणी शोषून घेतात आणि ऊन पडलं की सोडून देतात.

इथं थांबून एक सांगितलं पाहिजे, नाहीतर मी जुन्या घरांची आरती ओवाळतोय असं वाटेल. त्याच चुलीच्या धुरानं आमच्या आयाबायांचे डोळे गेले, छात्या गेल्या. गवताचं छप्पर दर एक-दोन वर्षांनी बदलावं लागे, आग लागायची, साप यायचे, आणि वाऱ्याचा तडाखा बसला की कूड जमिनीवर. गरिबानं पक्क्या घराचं स्वप्न पाहिलं ते काही वेड्यासारखं नाही.

ते स्वप्न सरकारनंही पाहिलं. १९८५ साली इंदिरा आवास योजना सुरू झाली. आदिवासींसाठी राज्यानं शबरी घरकुल योजना आणली. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात आली. घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आणि सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपयांचं साहाय्य, असं तिचं गणित ठरलं. त्याच वर्षी उज्ज्वला योजनेतून गॅसच्या शेगड्या आल्या. दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण त्या एकत्र आल्या तेव्हा घराच्या आत काय घडलं, ते कुणी पाहिलं नाही. चूल गेली, तिच्याबरोबर लाकूड कोरडं ठेवणारा धूर आणि रात्रभर धुमसणारी ऊब गेली. कौलांच्या फटींतून निघून जाणारी वाफ आता स्लॅबखाली अडकली. पैसा पुरेना म्हणून खिडकी लहान झाली, काही ठिकाणी एकच राहिली. पुढची पडवी गेली, वळचण गेली, आणि झोडपणारा पाऊस थेट सिमेंटच्या भिंतीवर येऊ लागला. जमिनीतून चढणारी ओल अडवायला जोत्यात थर घालावा लागतो, तो खर्चात बसला नाही. वर झिलईचा रंग लावला, की आत शिरलेलं पाणी बाहेर यायची वाटही बंद. बुरशीला लागतं काय? ओल, काळोख, बंद हवा आणि खायला थोडा रंग, कागद, लाकूड. आपण तिला २५ चौरस मीटरचं घरकुल मंजूर केलं.

याच्या उलट वागायला सांगणारी पुस्तकं आपल्याकडे नव्हती असं नाही. राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की कोरड्या, उष्ण प्रदेशात खोलीच्या जमिनीच्या एक दशांश खिडकी चालेल, पण दमट, उष्ण प्रदेशात एक षष्ठांश हवी. म्हणजे मराठवाड्यातली खिडकी मुरबाडला पुरत नाही, हे शास्त्राला माहीत आहे. पण ही संहिता शिफारशींची. ती घरकुलाच्या दारापर्यंत पोचत नाही.

आता कायद्याकडे वळू. आपल्या भागात ओल्या घरांविषयी सरकार पहिल्यांदा खडबडून जागं झालं ते १८९६ साली, आणि जागं झालं ते मुंबईत. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्या वेळच्या अनेक डॉक्टरांची समजूत अशी की प्लेग अंधाऱ्या, ओल्या, कोंदट घरांतून उपजतो. मग पथकं घरात शिरू लागली. भिंतींना चुना फासला गेला, ऊन आत यावं म्हणून छपरांवरची कौलं काढली गेली. ज्या घरात माणसानं राहू नये असं ठरलं त्याच्या दारावर इंग्रजीत तीन अक्षरं रंगवली जात: यू. एच. एच. म्हणजे मानवी वस्तीस अयोग्य. १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि १८९८ साली शहर सुधारणा ट्रस्ट उभा राहिला. इमारतींमध्ये किती अंतर ठेवलं तर खालच्या मजल्याला उजेड मिळेल, यासाठी पुढं साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियमही आला.

या साऱ्या हकिगतीत आपल्या शहापूरचाही एक हात आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. १८९२ साली तानसा धरण पूर्ण झालं आणि शहापूर तालुक्यातलं पाणी नळांनी मुंबईला जाऊ लागलं. पाणी भरपूर आलं, पण वापरलेलं पाणी वाहून नेणारी गटारं अपुरी. त्यामुळे शहराची जमीनच ओली राहते आणि त्यातून रोगराई वाढते, अशी तक्रार त्या काळची डॉक्टर-इंजिनिअर मंडळी करत होती. म्हणजे मुंबईच्या ओलीचा काही दोष आमच्या पाण्यावर आला. दोष आला, पाणी मात्र परत आलं नाही. पुढं भातसा आली, आज मुंबईच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा तिचा आहे, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहिली जाते. चार महिने भिंतीत पाणी आणि दोन महिने हंड्यात नाही, हे आमच्याकडचं ऋतुचक्र.

तर प्लेगचं पुढं काय झालं? १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं उंदरांच्या पिसवांचा माग काढला, आणि १९०५ नंतर मुंबईत काम केलेल्या प्लेग आयोगानं तो खरा ठरवला. प्लेग ओलीतून येत नव्हता. कायद्यामागचं कारण चुकीचं निघालं. पण घरात उजेड हवा, वारा हवा, ओल नको, हा कायद्याचा हुकूम काही चुकीचा नव्हता. चुकीच्या कारणासाठी झालेला तो बरोबर कायदा होता. ज्या जुलमानं तो राबवला गेला त्याचं समर्थन मी करत नाही. लोकांची घरं, देवघरं, जनाने उघडे टाकले गेले आणि त्याचा राग गावोगाव पेटला. मला एवढंच नोंदवायचं आहे की मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात वस्तीस अयोग्य इमारतीबद्दल तरतूद आहे. ही कल्पना, की घर स्वतःच माणसाला आजारी पाडू शकतं आणि त्याची जबाबदारी कुणाची तरी असते, सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या कायद्यात आली. आली आणि शहराच्या हद्दीवर थांबली. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे वर चढली, तिच्या मागून तार आली, पोस्ट आलं, मामलेदार तर होताच. ही कल्पना तेवढी कसाऱ्याच्या गाडीत बसली नाही.

गावाकडच्या शाळांचा विचार करताना मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात. १९४५ साली बोर्डीला आणि पुढं १९५७ पासून कोसबाडला त्यांनी काम केलं. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता, २०१४ साली पालघर वेगळा झाला. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्याकडे न्यावी, म्हणून त्यांनी कुरणशाळा काढली. उघड्या माळावर, झाडाखाली. ती सोय म्हणून होती, आरोग्याचा प्रयोग म्हणून नव्हे. पण युरोपात त्याआधी, १९०४ साली बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्गला, अशक्त मुलांसाठी रानातली शाळा निघाली होती ती मात्र मोकळ्या हवेसाठीच. आपल्याकडे शाळा म्हणजे चार भिंती हे ठरून गेलं. भिंती कशा, हे ठरायचं राहिलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला सर्व ऋतूंत उपयोगी पडेल अशी इमारत हवी असं म्हटलं आहे. शब्द सुरेख आहेत. आषाढ हाही एक ऋतू आहे, इतकंच कुणीतरी त्या खात्यांना सांगायला हवं.

आता कुणी विचारेल, बुरशीनं खरंच एवढं काय होतं? हा प्रश्न योग्य आहे, आणि इथं कवीनं जपून बोलावं. २०२१ च्या मे महिन्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' हा शब्द घराघरांत पोचला. म्युकरमायकोसिस हा तो आजार. मधुमेह, स्टेरॉइड आणि कोरोना यांनी पोखरलेल्या शरीरात तो शिरत होता आणि डोळे, जबडे घेऊन जात होता. त्या दिवसांत आमच्या आळीतल्या बायकांनी भिंतीवरचे काळे डाग घाबरून घासून काढले. ती बुरशी वेगळी, ही वेगळी. भिंतीवरचे डाग त्या आजाराचे नव्हते. भीती ओसरली आणि घासणंही थांबलं. चुकीच्या कारणासाठी बरोबर काम, पुन्हा एकदा.

अमेरिकेतही असंच झालं. १९९० च्या दशकात क्लीव्हलँड शहरात काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांतून रक्तस्राव झाला आणि घरातल्या एका काळ्या बुरशीवर संशय गेला. 'विषारी बुरशी' हा शब्द त्यानंतर वर्तमानपत्रांत फोफावला. पण २००० साली तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानं फेरतपासणी करून सांगितलं की तो संबंध सिद्ध झालेला नाही. मात्र दुसरी गोष्ट सिद्ध होत गेली, आणि २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ओल आणि बुरशीवरच्या आपल्या मार्गदर्शिकेत ती मांडली: ओलसर, बुरशीच्या घरात राहणाऱ्यांना खोकला, धाप, दमा आणि श्वसनाचे इतर त्रास अधिक होतात. क्षयानं ज्यांची फुप्फुसं आधीच पोखरली आहेत त्यांच्या त्या पोकळीत बुरशी घर करू शकते, हेही वैद्यकाला माहीत आहे. आदिवासी पाड्यांवर क्षय किती आहे हे मी सांगायला नको.

बुरशी मारते हे आपल्या शेजाऱ्यांनी फार जवळून पाहिलं आहे. १९७४ च्या पावसाळ्यानंतर राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवेळी पावसानं मका भिजला, त्याला बुरशी लागली. गरीब आदिवासींकडे दुसरं धान्य नव्हतं, त्यांनी तोच खाल्ला. कावीळ झाली, पोटं फुगली, आणि शंभराहून अधिक माणसं गेली. बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिन नावाच्या विषाचा तो प्रताप होता. आज अन्नसुरक्षेच्या नियमांत धान्यात आणि शेंगदाण्यात ते विष किती असलेलं चालेल याची मर्यादा घालून दिली आहे. म्हणजे आपला कायदा शेंगदाण्यावरची बुरशी ओळखतो, वर्गाच्या भिंतीवरची ओळखत नाही.

आणि गवत? शहापूर-मुरबाडच्या माणसाला गवताचा धंदा सांगायला नको. दिवाळीनंतर माळावरचं गवत कापायचं, वखारीत दाबून गठ्ठे बांधायचे, आणि ट्रक मुंबईच्या तबेल्यांकडे. गवत ओलं असताना दाबलं तर आतून तापतं, बुरशी धरतं, आणि गठ्ठा सोडला की पांढरा धुरळा उडतो. त्या धुरळ्यात काम केल्यावर संध्याकाळी ताप, थंडी, धाप. १९३२ साली कॅम्पबेल नावाच्या इंग्रज डॉक्टरनं वेस्टमोरलंडच्या शेतकऱ्यांत हे दुखणं नोंदवलं, त्याला 'शेतकऱ्याचं फुप्फुस' असं नाव मिळालं, आणि पुढं ब्रिटनमध्ये ते कामगारांच्या भरपाईच्या यादीत गेलं. आमच्या वखारीतला मजूर त्याला 'गवताची कणकण' म्हणतो, दोन दिवस पडून राहतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा गठ्ठे उचलतो.

परदेशातल्या एका पोराची गोष्ट मात्र मला सविस्तर सांगायची आहे. अवाब इशाक हे त्याचं नाव. सुदानहून आलेल्या कुटुंबातला. इंग्लंडमध्ये रॉचडेल गावी एका गृहसंस्थेच्या भाड्याच्या घरात तो राहत होता. वडिलांनी २०१७ सालीच बुरशीची तक्रार केली होती. त्यांना सांगण्यात आलं, वरून रंग मारा. २०२० च्या डिसेंबरात अवाब गेला, दोन वर्षांचा होऊन काहीच दिवस झाले होते. २०२२ च्या नोव्हेंबरात मृत्यूची चौकशी पूर्ण झाली आणि न्यायाधिकाऱ्यांनी स्पष्ट निष्कर्ष दिला की घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कानं हे मूल दगावलं. त्या चौकशीतली एक गोष्ट मला टोचून राहिली. या कुटुंबाच्या राहण्याच्या पद्धतीमुळे, त्यांच्या अंघोळीच्या धार्मिक रीतीमुळे, स्वयंपाकामुळे बुरशी होत असावी, असा समज संस्थेच्या माणसांनी करून घेतला होता. नंतर संस्थेनं ती चूक कबूल केली. मी हे वाचत होतो आणि मला मुरबाडच्या त्या शाळेतला एक पाहुणा अधिकारी आठवत होता. तो मुलांकडे बघून म्हणाला होता, "ही पोरं ओले टॉवेल आतच वाळवतात, मग काय होणार?" चार महिने सूर्य दिसत नाही त्या गावात पोरांनी टॉवेल कुठं वाळवावा, ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

अवाबच्या आईबापांनी रडून सोडून दिलं नाही. २०२३ साली ब्रिटिश संसदेनं सामाजिक घरांविषयीचा कायदा केला, त्यात अवाबच्या नावानं ओळखलं जाणारं कलम आलं, आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून ते लागू झालं. त्यात मुदती आहेत. जिवाला तातडीचा धोका असेल तर २४ तासांत पाहणी आणि दुरुस्ती. ओल-बुरशीची गंभीर तक्रार असेल तर दहा कामाच्या दिवसांत चौकशी, आणि धोका ठरल्यावर पाच कामाच्या दिवसांत घर सुरक्षित करायचं.

कॅलिफोर्नियाचा अनुभव आमदारांनी जरूर वाचावा, कारण तो आधी फसलेला आहे. २००१ साली तिथं विषारी बुरशीपासून संरक्षणाचा कायदा झाला. हवेत बुरशीचे किती कण चालतील याचा आकडा आरोग्य खात्यानं ठरवावा, असं त्यात म्हटलं होतं. आकडा ठरेना. शास्त्रज्ञ म्हणाले, असा आकडा काढणं शक्य नाही, माणूस आणि बुरशी दोन्ही सारखे नसतात. अखेर २०१६ पासून तिथं साधी व्यवस्था आली: निरीक्षकाला डोळ्यांनी बुरशी दिसली, की ते घर निकृष्ट. प्रयोगशाळा नको, यंत्र नको. आणि हे शहाणपण तरी कुठं नवं आहे? तौरातमध्ये, ख्रिस्ती मंडळी ज्याला लेवीय म्हणतात त्या भागात, घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसले तर काय करायचं ते लिहून ठेवलं आहे. घर रिकामं करा, सात दिवस बंद ठेवा, पुन्हा बघा. डाग पसरला असेल तर ते दगड काढून गावाबाहेर टाका, आतली भिंत खरवडा, नवा गिलावा करा. तरी परत आला तर घर पाडा. हजरत मूसांच्या नावानं चालत आलेल्या या नियमात एक गोष्ट नाही, ती म्हणजे वरून रंग मारा.

आमच्याकडे काय आहे? २६ जुलै २००५ ला आभाळ फाटलं, तेव्हा मुंबईबरोबर उल्हास आणि काळूच्या काठची गावंही बुडाली. महिन्यानं, २९ ऑगस्टला, अमेरिकेत कॅटरिना वादळानं न्यू ऑर्लिन्स बुडवलं. तिथं पाणी ओसरल्यावर आरोग्याची पथकं घरोघर बुरशी मोजत फिरली आणि जवळपास निम्म्या घरांत ती दिसली. आमच्याकडे तलाठ्यानं पंचनामा केला. पूर्ण पडझड, अंशतः पडझड. ज्याचं घर उभं राहिलं पण भिंती छातीपर्यंत भिजून वर्षभर वाळल्या नाहीत, त्याच्यासाठी त्या कागदात रकाना नव्हता. आजही नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला कळतं की ज्याला रकाना नाही ते घडलंच नाही असं पुढं ठरतं.

म्हणून माझं मागणं मोठं नाही. विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन मुंबईत भरतं, बाहेर आमच्यासारखाच पाऊस असतो. त्या दिवसांत एखाद्या आमदारानं पंचनाम्यात एक रकाना वाढवण्याची मागणी करावी. घरकुलाच्या नकाशात कोकणासाठी मोठी खिडकी, जोत्यातला ओलप्रतिबंधक थर आणि पुढं हातभर पडवी सक्तीची करावी, आणि त्याचा पैसा अनुदानात धरावा, लाभार्थ्याच्या माथी मारू नये. शाळा, वसतिगृहं, अंगणवाड्या, आरोग्य उपकेंद्रं यांच्या भिंतीवर बुरशी दिसली तर किती दिवसांत कुणी काय करायचं, ते तारखेसह लिहावं. आणि सगळ्यात स्वस्त सुधारणा: तपासणी भाद्रपदात करावी. आमच्याकडे सरकारी इमारतींच्या पाहण्या मार्चअखेरीच्या घाईत होतात. मार्चमध्ये शहापूर-मुरबाडच्या भिंती खडखडीत असतात. त्या वेळी पाहणाऱ्याला सगळं ठीकच दिसणार. भातखाचरात किती पाणी ठरतं हे कुणी शिमग्यात बघायला जातं का?

माझ्या स्वतःच्या तक्रारीला यात फार जागा नाही. १९९० ते ९५ या काळातल्या माझ्या कवितांच्या तीन वह्या होत्या. भाड्याच्या एका खोलीत, भिंतीला टेकलेल्या लाकडी कपाटात. एका पावसाळ्यात चार महिने नोकरीनिमित्त बाहेर होतो. परत आल्यावर कपाट उघडलं तर वह्या एकमेकींना चिकटून एक झाल्या होत्या, वर मखमलीसारखा हिरवट बुरा. ओळी शाईसकट उठून आल्या. घरमालकांनी सांगितलं, खिडकी उघडी ठेवायला हवी होती. काही कविता आठवून पुन्हा लिहिल्या, बहुतेक गेल्या. त्याचं दुःख आता राहिलं नाही, नवीन लिहिता येतं. सातवीतल्या पोराला दुसरं फुप्फुस लिहून देता येत नाही.

दिवाळीनंतर त्या मुख्याध्यापकांचा फोन आला. "या एकदा," म्हणाले, "वर्ग रंगवून घेतलाय. फिकट निळा." मी विचारलं, "सर, स्लॅबचं गळणं काढलं का?" ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "त्याचा प्रस्ताव दुसऱ्या खात्याकडे आहे. रंग आपल्या हातात होता."